बैलवाल्याची घोडी

“बाळासाहेब, मागून नाही! खांद्याकडून या!”

मी ओरडेपर्यंत त्यांनी घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून शेपूट पिरगाळलंसुद्धा. लाथ त्यांच्या मांडीजवळून गेली आणि माझी नवी बादली फुटली.

“बैल असाच हालतो, मॅडम.”

“हा बैल नाहीये!”

देवळाली कॅम्पजवळ मी बारा वर्षं रायडिंग शिकवते. घाबरणारा बिगिनर परवडला, सगळं आधीच येणारा नको. बाळासाहेब निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. लेकीच्या हट्टापायी त्यांनी येवल्याच्या बाजारातून ही राणी आणली, कुणाला काही न विचारता. घरात ती कुणालाच आवरेना. मग बायकोने बजावलं, मंगळवारपर्यंत नीट धरून चालवता आली नाही तर परत बाजारात. तेव्हापासून लेक बापाशी बोलत नव्हती, म्हणून ते राणीला घेऊन माझ्याकडे शिकायला आले.

मी त्यांना रोज तेच सांगत होते. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही, तो त्याचा ब्लाइंड स्पॉट. म्हणून आधी आवाज द्या, मग खांद्याला हात लावा. लीड रोप, म्हणजे धरून चालवायची दोरी, मुठीला गुंडाळू नका. घोडं उधळलं तर हात जाईल. ते मान डोलवायचे आणि दोरी गुंडाळायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

शुक्रवारपासून राणी चार पावलं टाकून थांबायला लागली. रविवारी तर हलेचना.

“ओढून ओढून तुम्हीच बिघडवलंय तिला,” मी वैतागून म्हणाले.

त्यांनी दोरी सैल सोडली. पहिल्यांदाच खांद्याकडून, हळू आवाजात बोलत गेले आणि वाकून पुढच्या खुरावर हात ठेवला.

“पाय तापलाय, मॅडम. नाल कधी ठोकला हिला?”

“गुरुवारी. माझ्याच नालबंदाने.”

“मंग खिळा आत रुतलाय. बैलाच्या खुराला पत्री ठोकतानाबी व्हतं असं.”

“तुमचं बैलपुराण पुरे करा हो!”

“हात तर लावून बघा.”

लावला. दुसऱ्या खुरापेक्षा तो चांगलाच गरम होता. तीन दिवस मी या माणसाला झापत होते आणि घोडीचा पाय एकदाही उचलून पाहिला नव्हता. मला माझाच राग आला.

नालबंदाला लगेच बोलावून खिळा काढला. मंगळवारी राणीने बाळासाहेबांच्या शेजारून मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. त्यांची बायको कुंपणाशी उभी होती. “ऱ्हाऊ द्या मग हिला,” एवढंच म्हणाली. लेक मात्र “पप्पा, मी धरू?” म्हणत त्यांच्याकडे पळत आली.

दोरी त्यांनी तेव्हाही मुठीला गुंडाळलीच होती. मी ओरडलेच, फक्त जरा हळू. शिकणाऱ्याला झापायचंच असेल, तर आधी घोड्याचे चारही पाय उचलून बघावेत.