वीस पौंडांत काय बसतं

गुरुनाथ परुळेकरांना मी बावीस वर्षं ओळखते, पण त्यातली बरीचशी वर्षं ते माझ्यासाठी शुभाचे यजमान होते, एवढंच. आमच्या मंगळवारच्या सहस्रनामाला दार उघडायचे, "या वहिनी" म्हणायचे आणि गराजमध्ये निघून जायचे. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. श्रूजबरीत आमच्यासारखी सॉफ्टवेअरची मंडळी येण्याच्या कितीतरी आधी ते वुस्टरच्या एका कारखान्यात मशीनवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. बोलणं बेताचं. पत्ते नाहीत, क्रिकेट नाही. नाद एकच. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उलटलं की कारखान्यातल्या वॉल्टर नावाच्या मित्राबरोबर पश्चिमेकडच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचे.

आमच्या मंडळात ही चेष्टाच होती. मटणाच्या रश्श्याची तिसरी वाटी घेता घेता लोक त्यांना विचारायचे, "काय शिकारी काका, यंदा सिंह का?" आमचे राजीव म्हणायचे, "लोक या वयात गॉल्फ खेळतात यार, हा माणूस पहाटे उठून झाडाखाली थंडी खात बसतो." परुळेकर हसायचे आणि ताटात बघायचे. मी माळकरी घरातली. मला त्या नादाचं नावही नको वाटायचं. शुभानं सुद्धा ते मांस कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. गराजमध्ये वेगळा फ्रीजर होता.

गेल्या वर्षी मात्र सगळंच बदललं. वॉल्टरचे गुडघे गेले, मग नजर गेली, आणि उन्हाळ्यात मुलीनं त्याला ॲरिझोनाला नेलं. शुभा सप्टेंबरात लेकीच्या, नेत्राच्या बाळंतपणासाठी प्लेनोला गेली ती तिथेच रमली. नेत्राचं म्हणणं, बाबांनीही घर विकून तिकडेच यावं. परुळेकरांचा उजवा गुडघा बदलून दीड वर्ष झालं होतं. ते फोनवर म्हणाले, यंदा एकटा जाईन. मायलेकींनी खूप समजावलं, शेवटी अट घातली. एकदाच जायचं. फिजिओथेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे पाठीवर वीस पौंडांच्या वर काही नाही. संध्याकाळी सहाच्या आत "परत निघालो" असा फोन. यातलं एक जरी चुकलं तर बंदूक विकायची आणि प्लेनोला यायचं. नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीही जा, कुणी अडवणार नाही. ते "बरं" म्हणाले. हे मला शुभानं सांगितलं, कारण तो फोन माझ्याकडे यायचा होता.

बुधवारी दुपारी त्यांनी मला फोन केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, एक कागद द्यायचाय. येता का जरा?"

कागदावर गाडी कुठे लावणार, कोणत्या उतारावर बसणार, अंगावर काय असणार आणि सात वाजेपर्यंत काहीच कळलं नाही तर पोलिसांना कोणत्या नंबरवर सांगायचं, असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. शिकारीला जाणारा माणूस असा कागद घरी ठेवून जातो. तो इतकी वर्षं शुभाच्या फ्रिजवर लागायचा.

डायनिंग टेबलावर सामान मांडलं होतं. केशरी जाकीट आणि टोपी, सुरी, दोरी, डोक्याला बांधायची बॅटरी, थर्मास, स्टोव्ह, घडीची करवत, ताडपत्री, छोटं स्टूल, औषधं, मोजे. आणि त्यांच्या हातात तो बॅग लटकवून बघायचा काटा, इंडियाला जायच्या आधी आपल्या प्रत्येक घरात बाहेर निघतो तो.

"किती भरतंय?" मी विचारलं.

"चौतीस."

"चौदा जास्त. कुठलीच एअरलाइन सोडणार नाही, भाऊजी."

तेव्हा ते हसले. मग म्हणाले, "सामान दोघांचं आहे ना. दोरी, करवत, औषधं वॉल्टरकडे असायची. स्टोव्ह, पाणी, खाणं, ताडपत्री माझ्याकडे. तीस वर्षं तसंच. आता काय कुणाकडे द्यायचं?"

आम्ही दोघांनी ती पाठपिशवी दोन तास उपसली आणि भरली. बॅगा भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मोजे टोपीत कोंबायला सांगितले. जाड स्वेटर अंगावरच घाला म्हटलं, तो वजनात धरत नाहीत. बंदूक हातात राहणार, ती पर्ससारखी. स्टोव्ह गेला, करवत गेली, ताडपत्रीच्या जागी चांदीच्या कागदासारखी पातळ चादर आली. स्टूल त्यांनी दोनदा बाहेर काढलं, दोनदा आत घातलं, आणि शेवटी स्वतःच उचलून कोपऱ्यात ठेवलं.

प्लास्टिकची एक गुंडाळी होती, सतरंजीसारखी.

"ही कशाला? तीन पौंडांची आहे."

"घसरपट्टी ती. हरीण पडलं तर तिच्यावर बांधून ओढत आणायचं. दोन मैल आहे गाडीपर्यंत. वॉल्टर असताना दोघं ओढायचो, आता हिच्याशिवाय व्हायचं नाही." मग म्हणाले, "वॉल्टरचं एक होतं. जे आणता येणार नाही ते पाडायचं नाही."

घसरपट्टी राहिली. खायला म्हणून त्यांनी ग्रॅनोलाचे दोन बार आणि एक सफरचंद घेतलं. काटा एकोणीस पूर्णांक आठवर थांबला. त्यांनी मला दाखवला, जसा काही मीच काउंटरवर बसले होते.

"पण भाऊजी, उद्या गुरुवार. मार्गशीर्षातला."

"उद्याचाच एक दिवस बर्फ नाहीये, वहिनी. आणि शुभाला सांगा, महिना संपेपर्यंत फ्रीजर उघडणार नाही."

घरी आले तरी ते दोन बार माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. शून्याखाली थंडी, दिवसभर एका जागी बसणार, आणि साठीच्या पुढच्या माणसानं ते चोथ्यासारखं काहीतरी चघळायचं. मी थालीपिठं लावली, मेथीचे लाडू होतेच, लिंबाचं लोणचं घातलं. स्टीलचा डबा भरून संध्याकाळी पुन्हा गेले. ते गराजमध्ये होते. पाठपिशवी दाराशी तयार उभी होती. मी चेन उघडली, मोज्यांच्या बाजूला डबा दाबून बसवला आणि चेन ओढून घेतली. काट्याची आठवण झाली नाही असं म्हणणार नाही. पण आपल्याकडे बॅगेचं वजन झाल्यावर कुणीतरी मेतकुटाची पुडी आत सरकवतंच. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक वेळी सरकवली. त्याशिवाय माणूस निघाल्यासारखा वाटत नाही.

गुरुवारी पूजा मांडली. कागद कलशाजवळ ठेवला. देवीकडे दोन गोष्टी मागितल्या: भाऊजी सुखरूप येऊ देत, आणि आजच्या दिवशी जिवाची हत्या नको. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत मागतेय हे तेव्हा खटकलं नाही.

पाच वाजता बाहेर मिट्ट काळोख. राजीव आले, म्हणाले, "काय, शिकारी काका परतले का हरणानं ठेवून घेतलं?" मी कलशाजवळच्या कागदाकडे बोट केलं, तेव्हा ते टीव्ही न लावता बसले. साडेपाच. पावणेसहा. मी कहाणीची पोथी उघडली, पण ओळ सरकेना. सहाला तीन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"निघालो, वहिनी. रस्त्यावर आलोय. शुभाला कळवा."

"काही मिळालं?"

"नाही."

मी देवीला हात जोडले. शुभाला फोन लावला, ती रडली, मग बाळ रडायला लागलं म्हणून ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी कागद परत द्यायला गेले. डबा घासून, पुसून टेबलावर ठेवला होता, त्यात सफरचंद. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. चहा त्यांनीच केला, जरा जास्तच उकळलेला.

"एकही दिसलं नाही का?" मी बोलायचं म्हणून विचारलं.

"दिसलं की. अडीचच्या सुमाराला. नर होता, चांगला शिंगाळा. तीस पावलांवर येऊन उभा. मी बंदूक खांद्याला लावली." हातानं त्यांनी ते दाखवलं, कपात बघत. "मग आठवलं, घसरपट्टी घरी आहे."

"घरी? आपण तर भरली होती."

त्यांनी डब्यातलं सफरचंद नीट ठेवलं. मला डब्याकडे बघावंसं वाटेना.

"डबा काढायचा होतात ना," मी म्हटलं.

"सकाळी काटा लावला. तेवीस. आता अट वीसची. वहिनी, कुणी हातानं करून दिलेलं अन्न, ते टेबलावर काढून ठेवून कसं निघायचं? मग बाकी काय काढणार? बॅटरी काढली तर परत येता यायचं नाही. चादर काढली आणि पाय मुरगळला तर संपलंच. पाणी नाही, औषध नाही. राहिली ती."

"माझ्यामुळे झालं."

"छे हो. तो नर गेल्यावर लाडू खाल्ले. दोन बारांवर मला बसवलं नसतं दिवसभर."

काल मी मागितलेलं दोन्ही मिळालं होतं, तेही माझ्याच हातून. मला आनंद व्हायला हवा होता. मी रोजनिशी लिहिते, त्या रात्री तारीख घालून ती तशीच मिटली.

"शुभा काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, वेळेवर आलात, वजनही पाळलंत, पुढच्या वर्षी खुशाल जा. नेत्रा म्हणाली, 'ओके बाबा, फेअर इज फेअर.'" त्यांनी कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "पण बंदूक देऊन टाकतोय. मार्चमध्ये जाईन प्लेनोला."

"का पण? जमलं की तुम्हाला."

"तिथे बसल्या बसल्या कळलं. एका माणसाच्या पाठीवर शिकारीचं तरी सामान मावतं, नाहीतर परत यायचं. दोन्ही मावत नाही. आणि त्यांनी मला परत यायला सांगितलंय. मग साडेसात पौंडांची बंदूक कशाला फिरवायची?"

हा नाद सुटावा असं मला बावीस वर्षं वाटत होतं. आता तो टिकावा म्हणून मी शब्द शोधत होते. "पुढच्या वर्षी मी काही देणार नाही, भाऊजी. शपथ."

"द्याल हो," ते म्हणाले. "तुम्हाला राहवायचं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. वॉल्टर. परुळेकरांनी स्पीकर लावला, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. म्हाताऱ्याचा आवाज मोठा होता, शब्द सावकाश. वारा कुठून होता, बीचचं ते पडलेलं झाड अजून आहे का, ओढा गोठला होता का. एकेकाचं उत्तर परुळेकर खुलासेवार देत होते. बावीस वर्षांत त्यांना मी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. नर दिसला म्हटल्यावर पलीकडे खुर्ची करकरली.

"मग झाडली का नाहीस?"

परुळेकरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ऊन डोळ्यांवर आलं," ते इंग्रजीत म्हणाले.

"अडीच वाजता? त्या उतारावर?"

"हो."

त्याला पटलं नव्हतं हे मलाही कळलं. मग परुळेकरांनी बंदुकीचं सांगितलं, प्लेनोचं सांगितलं.

"मग आता तिथे कोण बसणार, गुरू?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही, वॉल्ट."

"हं," तो म्हणाला, आणि पुन्हा वाऱ्याचं विचारू लागला, आधी विचारलेलंच. परुळेकरांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी माझा कप विसळून पालथा घातला, त्यांना हातानं खूण केली आणि दार ओढून घेतलं.