अक्काचा अंगठा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसत आलो. आज मीच इथे लिहितोय... कारण घरात हे कोणाशी बोलायची सोय नाही.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. मुलाची, नितीनची, कॅनडात कायम राहायच्या परवान्याची, म्हणजे पीआरची, फाईल लावायची होती. खात्यात शिल्लक दाखवायला वाटूरची जमीन विकायची ठरली आणि थोरल्या बहिणीची हक्कसोड लागली. आमच्याकडे बहिणी न मागता सही करून देतात. अक्का मात्र नाही म्हणाली. पुढे तिला लकवा मारला. मी कागद घेऊन वाटूरला तिच्या घरी गेलो. तिची मुलगी वंदना चहा करायला आत गेली, तेवढ्यात अक्काचा लुळा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला.

अक्काचं तोंड वाकडं झालेलं, पण शब्द बराबर कळले.

"ने. बघते मी, पोरगं कसं जातं ते."

जमीन विकली गेली. पाठोपाठ अक्काही गेली.

मग कागद स्कॅन करायला घेतले. बँकेचं पत्र, जन्मदाखला, मार्कशीट. दुकानदार म्हणाला, "काका, कागद तर साफ हाये. पण हे स्क्रीनवर बघा बरं."

प्रत्येक पानावर निळा अंगठा... मधून तिरपी रेघ. अक्काला लहानपणी विळा लागल्ता, तीच खूण. काच पुसली, दुकान बदललं, भर दुपारी गच्चीवर मोबाईलने फोटो काढले – तेच.

नितीन चिडला. "पप्पा, मुदत संपून राह्यली. तुम्ही शाईचे हात लावून राह्यले का मधी?"

शेवटी वाटूरला जाऊन वंदनापुढे मोबाईल धरला. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"आईचा अंगठा हाये. मामा, तुम्ही घेतला कधी हा?"

मी खाली बघत म्हणालो, "तुझ्या वाट्याचे पैसे देतो."

"मला काय देता? तिला विचारा."

मुदत गेली. नव्याने अर्ज करायचा म्हणून परवा सगळं पुन्हा स्कॅन केलं. एकूण एक पान स्वच्छ. वाटलं, अक्काने सोडलं...

हे का होतं, कसं होतं, मला आजही सांगता येत नाही. पण शेवटी नितीनचा पासपोर्ट फोटो उघडला. निळा अंगठा त्याच्या गालावर होता. तो तान्हा असताना, नजर लागू नये म्हणून, अक्का जिथे तीट लावायची, तिथेच.