वाचलं का गा?

कोणी कागदावर पेन टेकवला की वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "वाचलं का गा?" कुरिअरची पावती असो, गॅसचं कार्ड असो, पोराच्या शाळेचा फॉर्म असो, त्यांची मान पुढे आलीच म्हणून समजा. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण हसतो त्याला. मीही हसायचो.

वाडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. समोर ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रकांची धूळ. वकीलसाहेब मागच्या गल्लीत राहायचे. गोदामातून माल गेला की आधी हमालाची कॉलर धरतात, आणि हमालाची बायको रडत त्यांच्या दाराशी येते, हे ठरलेलंच. लोक त्यांना चोरांचा वकील म्हणायचे. त्यांना राग नव्हता. म्हणायचे, "चोर कोण, हे ठरलं की माझं काम संपते. तोवर तो माझा पक्षकार."

एकदा माझ्या मेहुणीची लग्नपत्रिका छापायला जाणार होती. त्यांनी ती नाकाला लावून वाचली आणि नवरदेवाच्या जागी मुलीच्या काकाचं नाव पडलेलं पकडलं. नाहीतर आमच्या सासऱ्यांनी मुलगी सख्ख्या भावाला देऊन टाकली होती. त्या दिवसापासून दुकानातला बाक त्यांचाच झाला. यायचे, चहा घ्यायचे, बशीत ओतून, सावकाश.

त्या शनिवारीही कोर्टाला सुटी म्हणून ते तीन वाजता कागद घेऊन आले आणि लाईट गेली. मशीन बंद. पाच-सव्वापाचपर्यंत आम्ही दोघं घाम पुसत बसलो, दोनदा चहा झाला. लाईट काही येईना, तेव्हा ते उठून गेले. पाच मिनिटं झाली नसतील, तोच हवालदार आला. गाडी चालूच ठेवून म्हणाला, "भाऊ, एक सही मार इथं. पंच पाहिजे."

मी मारली. वाचलं नाही. वाचा म्हणणारा आत्ताच उठून गेला होता ना!

तो जप्तीचा पंचनामा होता. गोदामातल्या एका हमालाच्या खोलीतून, खाटेखालून, तांब्याच्या तारेची दोन बंडलं दुपारी चार वाजता दोन पंचांसमक्ष काढली. पंच क्रमांक दोन मी. ती बंडलं मी आजतागायत पाहिलेली नाहीत. त्या हमालाची खोली कुठे आहे, तेही मला माहीत नव्हतं.

त्याची केस वकीलसाहेबांनीच घेतली. माझं नाव कागदावर वाचल्याबरोबर त्यांनी माझा चहा बंद केला. "तुम्ही आता साक्षीदार. केस होऊ द्या, मंग पिऊ." बाकी एक शब्द नाही. मला शिकवणं सोडाच, डोळ्यानंसुद्धा काही सुचवलं नाही.

साक्षीच्या दिवशी हवालदार कोर्टाच्या दाराशीच उभा होता. माझ्या दुकानाचा पत्रा चार फूट फूटपाथवर आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. घरून निघताना बायको म्हणाली होती, "तुम्हाले काहून नसत्या भानगडी? सही केली ना, आता हो म्हणा." असली कारणं सांगायला बरी असतात. खरं सांगायचं तर मी घाबरट माणूस आहे.

वकीलसाहेब उभे राहिले. "कागद वाचून सही केली?"

"हो."

"त्या शनिवारी चार वाजता तुम्ही कुठे होता?"

"आरोपीच्या खोलीवर. पोलिसांबरोबर."

"तुमच्या दुकानातली लाईट गेली होती?"

"आठवत नाही."

"दुकानात एखादं गिऱ्हाईक बसलं होतं? त्याला तुम्ही चहा पाजला?"

"आठवत नाही."

न्यायाधीश मॅडमनी वर पाहिलं. "वकीलसाहेब, चहाचा इथे काय संबंध?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काही नाही, मॅडम. उगाच विचारलं."

हमालाला एक वर्षाची सजा झाली. अपिलात जामीन मिळाला, पण त्याला पुन्हा कोणत्याच गोदामानं दारात उभं केलं नाही.

वकीलसाहेब दुकानात येत राहिले. चहाचं विचारलं की म्हणायचे, "आज नको." मी आपला रोज विचारायचो आणि रोज तेच ऐकायचो.

अपिलाचे कागद झेरॉक्सला आणले, तेव्हा त्यातलं एक पान माझ्यापुढे सरकवलं. "फिकं आलं वाटते. वाचता येते का पाहा." माझीच साक्ष होती ती. चार ओळी वाचल्या आणि पान उलटं ठेवलं. "साहेब, मी त्या दिवशी..."

त्यांनी तळहात आडवा केला. "मले नका सांगू. सांगाचं तर कोर्टात लिहून द्या, अर्ज करता येते." चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चूक माझीबी आहे. वकीलपत्र सोडून मीच साक्षीले उभा राहाले पाहिजे होतं. मी होतो ना बाकावर! पण मले वाटलं, तुम्ही सांगान."

मी "कोर्टात येतो" म्हणालो. घरी शपथपत्र टाइप केलं. वाचलं. पुन्हा वाचलं. रोज वाचत होतो. तीन आठवडे तो कागद सहीवाचून माझ्या खिशात फिरला, आणि एका सकाळी वकीलसाहेब गेल्याचं कळलं. झोपेतच गेले.

आता सही झाली आहे, कागद दाखल आहे. त्यांचा ज्युनियर म्हणतो, खोट्या साक्षीबद्दल तुम्हालाच ओढतील. ओढोत. मेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

शोकसभा कोर्टाच्या बाररूममध्ये, वकिलांच्या खोलीत होती. दाराशी वही ठेवली होती, सही करायला रांग. मी वरचा मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचत होतो. मागून कोणी तरी हळूच विचारलं, "का लिवलं आहे, भाऊ? मले वाचता येत नाही."

तोच हमाल होता. मी वाचून दाखवलं: खाली सही करणारे आम्ही सर्व या सभेला समक्ष हजर होतो.

"हे खरं आहे," तो म्हणाला आणि अंगठा लावला.

माझ्यानं राहवलं नाही. "त्या दिवशी मी तुझ्या खोलीवर नव्हतो रे."

"मले ठाऊक आहे, भाऊ." तो अंगठ्याची शाई पँटला पुसत होता. "साहेबालेही ठाऊक होतं. मी रोज विचारो, तो दुकानवाला आला का? तर म्हणत, येईन तो. चांगला माणूस आहे, थोडा वेळ लागून राहिला त्याले."