भिंत हलते का, हे विचारणारे मुळाणे सर

स्वस्ति श्री उदरगुहासंचारी, ध्वनितरंगधुरंधर, महाधमनीमानदंडधर, श्वासनिरोधाज्ञाप्रवर्तक, नाशिकनगरस्थ समस्त अंधारकक्षांचे अनभिषिक्त अधिपती डॉक्टर अच्युतराव मुळाणे यांच्या अमृतमहोत्सवप्रसंगी त्यांच्या अल्पमती सहायकाचे हे निवेदन. यांतील एकही बिरुद सरांना विचारून लावलेले नाही. विचारले असते, तर त्यांनी सगळी खोडून 'सोनोग्राफीवाले' एवढेच ठेवले असते.

त्यांचा-माझा प्रथम परिचय गंगापूर रोडवरील त्यांच्या केंद्रात, काळोखात झाला. सबब पहिले दोन दिवस मी त्यांना केवळ आवाजावरून ओळखत असे. मी नुकताच पदवी घेऊन आलो होतो आणि अहंकाराच्या बाबतीत सुसज्ज होतो. एका रुग्णाच्या पोटातील फुगलेल्या महाधमनीचा व्यास मी मिलिमीटरपर्यंत मोजला आणि कृतकृत्य मुद्रेने सरांकडे पाहिले.

"उत्तम," सर म्हणाले. "भिंत हलते का?"

मी व्यास पुन्हा सांगितला.

"तो ऐकला. ठोक्यागणिक भिंत किती ताणली जाते?"



शरीरातील या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीने हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किंचित फुलावे व पुन्हा मिटावे, असा निसर्गसंकेत आहे. फुगवटा आलेली भिंत हा संकेत हळूहळू विसरते आणि ताठर होते. सर पडद्यावरचे चित्र थांबवून धमनीचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान व्यास घेत, सोबत रक्तदाब मांडत आणि ताठरपणाचे गणित कागदावर करत. शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः फुगवट्याच्या आकारावर होतो, हे ते कधी नाकारत नसत. केवळ ताठरपणावरून भविष्य वर्तवणाऱ्यांना ते ज्योतिष्यांच्या रांगेत बसवत. तरीही त्यांच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी भिंतीविषयी एक ओळ असेच.

पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार नामदेवभाऊ हे त्यांचे जुने रुग्ण. सर त्यांना हे सारे समजावू लागले, तेव्हा भाऊंनीच त्यांना थांबवले. "नुसता मणी मोजून काय व्हतं, डॉक्टर? बोटानं दाबून बघावं लागतं. साल कशी हे, ते बोटालाच कळतं." पुढे नव्या डॉक्टरांना शिकवताना सर हेच वाक्य नामदेवभाऊंच्या नावानिशी सांगत. दुसऱ्याचे श्रेय लाटण्याची विद्या त्यांना कधी साधली नाही.

याच नामदेवभाऊंना एकदा "श्वास धरा" असे सांगून सर भिंत पाहण्यात इतके रमले, की "सोडा" म्हणायचे राहून गेले. थोड्या वेळाने टेबलावरून आवाज आला, "डॉक्टर, आता घेऊ का, का घरी जाऊन घेऊ?" सरांनी त्यांची हात जोडून क्षमा मागितली. त्या दिवसापासून रुग्णाबरोबर स्वतःचाही श्वास धरायचा, हा आमच्या केंद्राचा नियम झाला. आपण गुदमरलो की रुग्णाची आठवण होते, असे सरांचे साधे शास्त्र.

निवृत्तीच्या आठवड्यात सर स्वतःच टेबलावर आडवे झाले. "माझीही एकदा बघून टाक." जेलची बाटली मी त्यांच्याच पद्धतीने कोमट पाण्यात ठेवून घेतली होती. "श्वास धरा," मी म्हणालो. धमनी फुगलेली होती. शस्त्रक्रियेची मर्यादा अद्याप दूर होती; परंतु भिंत जेमतेम हलत होती. मी पाहतच राहिलो.

"अरे, तू श्वास घेतोयस," सर खालून म्हणाले. "नियम विसरलास."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि इतर रुग्णांना सांगत त्याच स्वरात स्वतःला सांगितले, "दर सहा महिन्यांनी तपासणी."

त्यानंतर ते आपल्या गावी, मनमाडला, राहायला गेले. त्याला दीड वर्ष झाले. सर एकदाही तपासणीला आलेले नाहीत. मी फोन करतो.

"सर, तपासणी राहिली आहे."

"मनमाडला सोनोग्राफी होत नाही का?"

"केलीत का?"

"नाही."

"मग इकडे या."

"बघू. तुला मोजायची फार हौस."

आता नवे यंत्र ताठरपणाचा आकडा क्षणार्धात, रंगांसहित सादर करते. तरीही एखादी अवघड भिंत दिसली, की मी पडदा डावीकडे वळवतो. सर तिथे उभे राहत. आता तिथे ॲप्रन अडकवायची खुंटी आहे आणि तिला मतप्रदर्शनाची सवय नाही. "भिंत हलते का?" हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी मीच विचारतो आणि उत्तरही मलाच द्यावे लागते. त्यात पूर्वीची गंमत नाही.

या गौरवग्रंथात अन्य मान्यवरांनी सरांना शतायुष्य चिंतिले आहे. माझी मागणी एका वेळी सहाच महिन्यांची आहे. मात्र तिचे नूतनीकरण माझ्यासमोर, टेबलावर आडवे होऊन, पुढील पंचवीस वर्षे विनाखंड व्हावे. येत्या गुरुवारी सकाळची पहिली वेळ सरांच्या नावे राखली आहे. त्यांनी उपाशीपोटी यावे, ही नम्र प्रार्थना.

अडचण एकच. तपासणाऱ्याने बसायचे फिरते स्टूल सरांच्या उंचीला अडकून बसले आहे आणि मी त्यांच्याहून वीतभर उंच असल्याने माझे गुडघे यंत्रावर आदळतात. सातपूरचा मेकॅनिक म्हणतो, स्टूल इकडे आणा. आमचे शिपाई म्हणतात, मेकॅनिकला इकडे बोलवा. दोघांचेही म्हणणे तर्कशुद्ध आहे आणि माझे गुडघे दुखतात.