जोगळेकर साहेबांची लायका

सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ज्यानं उमर काढली त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. सगळ्यांचे क्वार्टर एकसारखे, सगळ्यांचा भोंगा एक, पगाराचा दिवस एक. मग आपण वेगळे आहोत हे दाखवायला माणूस काहीतरी खूळ धरतो. कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो, कोणी गुलाबाला कलमं करतो. खूळ धरलं की किस्सा झालाच! भोपाळला मी असे इतके पाहिले की डोक्यात आता दुसरं काही ठेवायला जागा नाही.

त्यातले सगळ्यात फालतू लोक म्हणजे आमचा तिकीट क्लब. पोस्टाची तिकिटं जमवणारे. दर रविवारी सकाळी वेलफेअर सेंटरच्या हॉलमध्ये बसायचे. मी चौथी पास, फाउंड्रीतला माणूस, मला तिकिटातलं ओ की ठो कळत नाही. पण हॉलची किल्ली युनियनकडे, म्हणजे माझ्याकडे. त्यामुळे हे शहाणे उठेपर्यंत मलाही बसावं लागायचं.

क्लबचे अध्यक्ष जोगळेकर साहेब. डेप्युटी मॅनेजर, मूळचे पुण्याचे, खोकलासुद्धा शुद्ध काढणारे. त्यांचा विषय होता अंतराळात गेलेले प्राणी. रशियाचे कुत्रे, अमेरिकेची माकडं, फ्रान्सची मांजर. ज्या ज्या जनावराला धरून रॉकेटात कोंबलं, त्याचं कुठल्या तरी देशानं तिकीट छापलं आणि ते साहेबांनी जमवलं. त्या जनावरांना खाली असताना कोणी विचारलं नसेल, तिकिटावर मात्र सगळी हसतमुख!

फक्त लायका नव्हती. पृथ्वीभोवती फिरलेली ती पहिली कुत्री. रुमानियानं छापलेलं तिचं तिकीट साहेबांना हवं होतं आणि अल्बमच्या पहिल्याच पानावर तिच्यासाठी पेन्सिलीनं चौकोन आखून ठेवला होता. त्या थंडीत भोपाळला तिकिटांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यानंतर साहेब रिटायर. जाताना एक मेडल घेऊन जायचं, एवढीच इच्छा.

"नाना, लायकाशिवाय परीक्षक माझ्याकडे ढुंकून पाहणार नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, हा तर नवरीशिवाय लग्नाचा अल्बम झाला!"

पुढचे काही रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत. मला बरंच वाटलं.

* * *

गणपतीत मराठी मंडळात साहेबांचं भाषण ठेवलं. विषय हाच. लोक आरतीच्या प्रसादासाठी थांबलेले, त्यांना वाटलं दहा मिनिटांत उरकेल. साहेब कुत्र्यांवरून माकडांवर आले तेव्हा मोदक गार झाले होते.

शेवटी विचारलं, "कोणाला काही शंका?"

भिडेबाई उठल्या. "त्या माकडांना वर जेवायला काय द्यायचे हो?"

"नळीतून एक प्रकारचा लगदा. पौष्टिक असायचा."

मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे आपल्या कँटीनमधली भाजी!"

जनरल मॅनेजर पहिल्या रांगेत बसले होते. ते हसले, म्हणून मग सगळे हसले. ते हसले नसते तर अजूनपर्यंत कोणी हसलं नसतं.

* * *

वैद्य मास्तर टाउनशिपच्या शाळेत सायन्स शिकवायचे. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचं आणि वाळवायचं, हे काम साहेबांनी त्यांच्यावर टाकलेलं. साहेब म्हणायचे, "मास्तरांचा हात हलका आहे." डोकंही हलकं होतं, ते कोणी म्हणायचं नाही.

एका दुपारी मास्तरांनी घरी बायकोच्या परातीत रशियाचे सगळे कुत्रे भिजवले आणि जमिनीवर पेपर पसरून वाळत घातले. लाइट गेली होती. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं, वर फुल्ल स्पीड. मास्तर शेजारी पहुडले आणि घोरायला लागले.

लाइट आली!

मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. खोलीभर कुत्रे भिरभिरत होते. एक वरणात, दोन खिडकीतून बाहेर.

"अहो, उठा!" बाई ओरडल्या. "तुमचे कुत्रे खरंच वर गेले!"

* * *

मग माशीचं प्रकरण. साहेबांनी कुठूनसं एक तिकीट आणलं, म्हणे माणसानं कुत्र्यांच्याही आधी माश्या वर पाठवल्या होत्या. आता माशी प्राण्यांत धरायची का नाही? घरात दोन माणसांनी चहा पिताना ठरवलं असतं. पण हे पब्लिक सेक्टर! सबकमिटी बसली. अध्यक्ष वैद्य मास्तर. प्रत्येक मीटिंगला कँटीनमधून समोसे.

मी म्हटलं, "माशी प्राणी असेल तर समोशावर बसलेल्या सगळ्या अंतराळवीर समजायच्या का?"

समोसे संपले तेव्हा रिपोर्ट आला. "सदर विषय वरिष्ठांकडे पाठवावा." आणि वरिष्ठ म्हणजे जोगळेकर साहेब, ज्यांनी सबकमिटी बसवली होती!

* * *

मिश्राजी अकाउंट्समधले. माणूस इतका टापटिपीचा की टेबलावरची पेन्सिलसुद्धा फूटपट्टीला समांतर. त्यांचा साडू परदेशात होता. मिश्राजींनी त्याच्याकडून, कोणाला न सांगता, लायका मागवली. साहेबांच्या वाढदिवसाचं सरप्राइज. आतापर्यंत त्या क्लबात कोणी केलेली पहिली कामाची गोष्ट.

रविवारी पाकीट उघडलं. साहेबांनी भिंग लावलं आणि पांढरेफटक पडले. तिकिटाच्या चारही कडांचे दाते गायब! कडा सुरीसारख्या सरळ.

"मिश्राजी, ये दाँते कहाँ गए?"

"अजी, बड़े ऊबड़-खाबड़ थे, साहब. मैंने कैंची से सब बराबर कर दिए."

तिकीटवाल्यांत दात्यांविना तिकिटाला किंमत शून्य, असं मला मास्तरांनी कानात सांगितलं. साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. मिश्राजी खूष होऊन म्हणाले, "देखिए, कितने भावुक हो गए!"

* * *

प्रदर्शन दोन दिवसांवर आलं तेव्हा साहेबांना पत्ता लागला की चार इमलीत, म्हणजे सरकारी अफसरांच्या बंगल्यांच्या वस्तीत, एका मोठ्या अफसराकडे लायका आहे. सासऱ्यांचा अल्बम वारशात आलेला, कपाटात पडून. साहेबांनी वेळ मागितली, इस्त्रीचा सूट चढवला आणि स्कूटरवर मागं मला बसवलं. अल्बम धरायला माणूस हवा होता.

अफसर मोकळा माणूस निघाला. "अरे, ले जाइए जोगळेकरजी! हमारे किस काम की?"

साहेबांनी चिमट्यानं लायका उचलली. कोरी करकरीत, मागचा गोंद जसाच्या तसा. टीपॉयवर रुमाल पसरून त्यावर पालथी ठेवली, म्हणजे गोंद वर. भिंगातून बघत होते आणि डोळ्यांत पाणी. खरं सांगतो, मलाही क्षणभर त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

तेवढ्यात आतून मेमसाहेब आल्या.

आता कुठलाही शहाणा माणूस तिकीट आधी अल्बममध्ये ठेवेल. पण जोगळेकर साहेबांची तीस वर्षं वरच्याला बघून उठण्यात गेलेली. अफसराची बायको म्हणजे अफसराच्या वर! ताडकन उठले, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकले, "नमस्कार मॅडम" म्हणाले. मॅडमच्या पायांतून त्यांचा पांढरा पॉमेरियन आला, टीपॉयशी गेला, रुमालावरून एकदा जीभ फिरवली.

रुमाल तेवढा राहिला.

"अरे प्रिन्स! नॉटी!" मॅडम हसल्या. "इसको गोंद बहुत पसंद है. चाय लेंगे?"

साहेबांनी चहा घेतला. दोन वेळा "बहुत बढ़िया चाय है" म्हणाले. माझ्या दारासमोर मला उतरवून म्हणाले, "नाना, उद्या सकाळी तयार राहा."

सकाळी आम्ही पुन्हा बंगल्याच्या फाटकाशी. साहेब मॅडमना म्हणाले, "मॅडम, प्रिन्स को आज मैं घुमा लाऊँ?" मॅडम खूष. त्यांचा नोकर गावी गेलेला. म्हणाल्या, "कितने भले लोग हैं!"

मग चार इमलीच्या रस्त्यानं वरात निघाली. पुढं प्रिन्स, मागं साखळी धरून सूटमधले डेप्युटी मॅनेजर, त्यांच्यामागं अल्बम धरून मी. प्रिन्स झुडपापाशी थांबला की साहेब उकिडवे बसायचे, एका हातात भिंग, एका हातात चिमटा. येणारेजाणारे अफसर बघून रस्ता ओलांडत होते.

एक म्हातारे रिटायर्ड सेक्रेटरी मात्र थांबले. "क्या बात है भाई? कुछ खो गया क्या?"

"जी सर. लायका."

सेक्रेटरींनी साखळीकडे पाहिलं, साखळीच्या टोकाला बसलेल्या प्रिन्सकडे पाहिलं. "अरे, बँधी तो है आपके हाथ में!"

"नहीं सर," जोगळेकर साहेब झुडपातून मान वर न काढता म्हणाले. "ये तो लिफाफा है."