अकरा पोती माती

कुमुद,

तुझा निरोप ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्या वेळी तुमच्या लिफ्टमधली बाई मध्येच मजल्याचा आकडा बोलली. "उत्तराताई, ते दोन टब तेवढे आणा की. बाल्कनीत जागा करून ठेवलीय मी." हा चौथा निरोप. फोन करावा तर तू मला बोलू देत नाहीस. "जेवलात का, साहेबांचा गुडघा कसाय" यातच दहा मिनिटं घालवतेस. म्हणून लिहिते. मधे बोलू नकोस.

मला तुझा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं लवकर उरकेल.

दीड वर्षापूर्वी तू मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आलीस, तेव्हा मला वाटलं, चला, एक मराठी बाई आली, हिला जरा दिल्ली दाखवू. दिल्ली दाखवू! एकोणिसाव्या वर्षी विट्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन तू करोल बागेत आलेली, आणि एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत छत्तीस वर्षं काढलेली. खाली तुझ्या मालकांची गलाईची भट्टी. जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. जूनमध्ये तुमच्या खोलीची फरशी खालून तापायची आणि तेजाबाच्या वाफेनं तुझी पहिली दोन वर्षं खोकण्यात गेली. हे सगळं तू हसत सांगायचीस. माझ्या वाट्याला याच्या पावपट आलं असतं तर मी श्रीरंगांना जन्मभर ऐकवलं असतं.

दुकान रोज तूच झाडायचीस. कारागिरांवर मालकांचा भरवसा नव्हता, आणि गलाईच्या दुकानातला केर हा केर नसतो, त्यात सोन्याचे कण असतात. एका वाईट वर्षी मालकांनी तुझ्या पाटल्याही त्याच भट्टीत घातल्या.

"रडलीस?" मी विचारलं.

"रडून काय करू? मुशीत वाकून बघितलं. आधी एक वितळली, मग दुसरी."

मालक गेले. तुझ्या लेकानं, समर्थनं, दुकान सोडायचं ठरवलं, जागेच्या मालकानं फरशी उखडायला घेतली. अशा जमिनीची माती विकत घेणारे ठेकेदार असतात, ते दारात आले. समर्थ म्हणाला, "मम्मी, दे दो यार, खतम करो." तू ऐकलं नाहीस. अकरा पोती भरलीस आणि टेम्पोत घालून इथे आणलीस. मागच्या फरसबंद अंगणात ती रचून ठेवली तेव्हा मी विचारलं, हे कशाला.

"माझ्या पाटल्यांचं काहीतरी राहिलं असंलच की त्या जमिनीत. मला कानातल्याचा एक जोड करायचाय, ताई. आजवर अंगावर आलं ते कुणीतरी घातलं आणि कुणीतरी उतरवलं. हा मी काढलेल्या सोन्याचा."

तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते. कारण आता तुला माझी गरज लागणार होती. मी चौतीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. वाहत्या पाण्यात जड कण कसा खाली बसतो, हलकी वाळू कशी पुढे जाते, त्यासाठी लाकडी पन्हळ कशी मांडतात, हे चित्र मी दर वर्षी फळ्यावर काढलं आहे. तुला वहीत काढून दिलं. सुताराकडून पाच फुटी पन्हळ आली. तळाला गाडीतलं रेघारेघांचं रबरी मॅट, त्यावर बोटभर अंतरानं आडव्या पट्ट्या. ऑक्टोबर संपत आला होता, कूलर आवरायचे दिवस. श्रीरंगांनी आमच्या कूलरचा पंप काढून दिला. एका टबातून पाणी वर चढायचं, मातीबरोबर पन्हळीतून उतरायचं, दुसऱ्या टबात गाळ बसायचा आणि वरचं पाणी परत पहिल्यात.

उतार मी दिला. पुस्तकाप्रमाणे. फुटाला इंचभर, खाली विटा.

तू पंप चालू केलास, उकिडवी बसलीस आणि पाण्याकडे बघत राहिलीस. माती टाकलीच नाहीस.

"ताई, पाणी पट्टीवरून उडी मारतंय."

"मारू दे. वाहायलाच हवं ते."

"उडी मारलं तर बारीक धूळ त्याच्याबरोबर जाईल. घसरलं पाहिजे." आणि तू माझी एक वीट काढलीस आणि तिथे घडी घातलेला गोणपाट सरकवलास. पाणी पट्ट्यांवरून तेलासारखं सरकायला लागलं. पहिल्या पोत्यानंतर मॅट बादलीत झटकलंस, उरलेली काळी रेव परातीत गोल फिरवलीस, आणि काठाला पिवळी रेघ आली. नखाएवढी. मी आयुष्यात प्रथमच असं सोनं बघितलं. आमच्या कॉलेजात ते काचेच्या डबीत होतं आणि डबीची किल्ली विभागप्रमुखांकडे असायची.

श्रीरंग बाजूला पाइप धरून उभे होते. घरी नळ गळतो तर प्लंबरला फोन मी करते. तुझ्या अंगणात मात्र पाइप धरायला हा माणूस सकाळी नऊला हजर! "कमाल आहे कुमुदबाई," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उत्तरा, तू चौतीस वर्षं शिकवलंस ते हिनं चौतीस मिनिटांत करून दाखवलं."

तू लगेच म्हणालीस, "असं काय साहेब, चित्र ताईंचंच की." त्यानं तर मी आणखीच पेटले.

मग रोजचं झालं. तू पोतं उघडायचीस, माती कढईत भाजायचीस, कुटायचीस, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचीस आणि धुवायचीस. सोसायटीतल्या बायका वेताचे मोडे घेऊन येऊन बसायच्या. मी दर महिन्याला वाचनमंडळ भरवते तिथे चौघी येतात, त्यातल्या दोघी समोशांसाठी. तुझ्याकडे चिखल बघायला अकरा जणी! माझी खुर्ची कोपऱ्यात. मी येत राहिले, कारण न येणं जास्त दिसलं असतं.

आठ पोती झाली. नोव्हेंबर आला, हवा बिघडली, सगळीकडे धुराला बंदी. सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "आंटीजी, ये भूनना-वूनना बिल्कुल बंद. लोग खांस रहे हैं." तू वाद घातला नाहीस. पण उरलेली तीन पोती तू मुद्दाम शेवटी ठेवली होतीस. सोन्याचा पत्रा लाटायच्या मशीनखालची माती, सोन्याला सगळ्यात सरस आणि सगळ्यात तेलकट. समर्थ तुला डिसेंबरात गुरुग्रामला नेणार होता, थांबायला वेळ नव्हता. ती तू न भाजताच धुवायला घेतलीस.

आता ऐक.

पहिला तांब्या पडला तसं पाण्यावर तेलाचं इंद्रधनुष्य आलं आणि त्यात बारीक चमक तरंगताना मला दिसली. अगदी बारीक सोनं तेलकट असलं तर बुडत नाही, पाण्याच्या कातडीवर बसून निघून जातं. भाजलेल्या मातीत तेल जळून जातं, म्हणून तुझ्या आयुष्यात हे कधी आलंच नव्हतं. उपाय काय? भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. तुझ्या मोरीवर बाटली होती, माझ्या खुर्चीपासून हातभर लांब. सगळ्या अंगणात हे फक्त मला माहीत होतं.

तू वर बघितलंस. "ताई, पाणी आज वेगळं दिसतंय का हो?"

मी म्हणाले, "तुलाच जास्त कळतं पाण्यातलं."

तू हसलीस. तुला ते कौतुक वाटलं. तीन दिवस, तीन पोती, आणि मी शेजारी बसून मटार सोलले.

पुढच्या आठवड्यात आपण मेट्रोनं करोल बागेत तुझ्या दिराच्या भट्टीवर गेलो. त्यानं सगळी रेव आटवून हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी काढली, पुढच्या गल्लीतल्या सोनारानं ती तोलली आणि म्हणाला, "चाची, एक कान का टॉप्स बन जाएगा. जोड़ी नहीं बनेगी." तू गोळी रुमालात बांधलीस. रडली नाहीस, तुला ती सवयच नाही. राजीव चौकात गाडी थांबली तेव्हा म्हणालीस, "शेवटच्या तीन पोत्यांत निघायला पायजे होतं. टबातल्या गाळात गेलं असंल. परत धुऊ."

सामान न्यायला आलेल्या लोकांनी ओल्या चिखलाचे टब गाडीत घ्यायला नकार दिला. मीच पुढे होऊन म्हणाले, "राहू दे, मी आणून देते." का म्हणाले? अंगणात तुझ्याभोवती सगळ्या जमल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत तुला शेवटचं माझ्याकडून काहीतरी हवं असावं, म्हणून.

कुमुद, टबात आहे ते. मागच्या महिन्यात मी वाटीभर गाळ काढून पाण्यात ढवळला. चमक वर आली. साबणाचा थेंब टाकला, तशी एकदम खाली बसली. मी टबांवर परत पत्रा झाकला.

तिथे नेऊन दिले तर तू परत तेलकट पाण्यानंच धुशील आणि मला परत बघत बसावं लागेल. साबण सांगितला तर तू विचारशील, "ताई, तेव्हा का नाही बोललात?" तू चिडणार नाहीस, हे मला माहीत आहे, आणि नेमकं तेच मला नको आहे. मला तुझ्या चांगुलपणाचाही हेवा आहे, समजलं?

ती गोळी म्हणे तू हळदीकुंकवाच्या डबीत ठेवली आहेस. कान मोकळेच. समर्थनं नवे टॉप्स आणले तर घातले नाहीस, असं श्रीरंग सांगत होते. तू हल्ली त्यांनाही फोन करतेस.

आज सकाळी श्रीरंग टब दारापर्यंत ओढत घेऊन गेले. गुडघा दुखत असताना. "उत्तरा, डिकी उघडतो. अकरापर्यंत पोचू, कुमुदबाई वाट बघतायत."

मी म्हटलं, आज गुरुग्रामच्या रस्त्याला फार गर्दी असेल, परवा बघू. टब परत आत घ्यायला लावले.