मास्तरांना आलेलं पत्र

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. एकदा कुणीतरी चुकून तिच्या देखत तसं बोललं, तर ती म्हणाली, "बरोबर आहे. भोकं मोठी झाली की सांगा," आणि पुन्हा कामाला लागली. तिचा विनोद असाच, कोरडा. हसावं की नाही हे आपल्याला कळेपर्यंत ती पुढच्या ओळीवर गेलेली असायची.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसलोय. पगार, रजा, फायली हे माझं काम. चाळणीचं काम नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुकानं ऑनलाइन माल विकतात. कुणी बाई शिलाई मशीनवर लिहिते, कुणी दुर्बिणींचे व्हिडिओ करतो, आणि खाली दुकानाची लिंक देतो. त्या लिंकला एक खूण चिकटवलेली असते. गिऱ्हाईक कुणाच्या बोटाला धरून दुकानात आलं ते त्या खुणेवरून कळतं आणि त्या माणसाला विक्रीतला वाटा मिळतो. अशा लोकांना आम्ही भागीदार म्हणतो. कोण भागीदार, कुठून किती गिऱ्हाइकं येतात, कुठली लिंक चालते, ह्या नोंदी म्हणजे आमच्या कंपनीचा जीव. खुर्च्या-टेबलं काय, कुणीही आणील.

भागीदार हजारो आणि आम्ही चौदा जण. म्हणून बरंचसं काम बाहेर दिलेलं. एकाकडे लिंका तपासणं, दुसऱ्याकडे पत्रव्यवहार. काम बाहेर द्यायचं म्हणजे यादी बाहेर द्यायची, आणि यादी एकदा उंबऱ्याबाहेर पडली की कुठे कुठे हिंडेल कुणी सांगावं! म्हणून चाळणी. लिंक तपासणाऱ्याला नावं कशाला हवीत? काढा, त्या जागी आकडे घाला. पत्र लिहिणाऱ्याला विक्रीचे आकडे कशाला? काढा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, काम संपलं की त्याच दिवशी बंद. "पीठ घरात राहिलं पाहिजे, बाहेर फक्त कोंडा," असं ती नवीन लोकांना शिकवायची.

आणि तिची एक युक्ती होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक यादीत ती एक खोटा माणूस घालायची. प्रत्येक यादीत वेगळा. एक जुळ्यांची आई होती, ती बाबागाड्यांवर लिहायची. एक दुर्बीणवाला होता. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा विषय बागकामाची अवजारं. ह्या सगळ्यांची एकेक साइट चाळणीने स्वतः लिहून काढली होती, आणि प्रत्येकाचा ईमेल तिच्याकडेच यायचा. त्या पत्त्यांवर आमच्या कामाखेरीज कुणाचं पत्र आलं तर समजायचं, यादी फुटली. आणि कुणाच्या हातून फुटली तेही समजायचं. कुठला खोटा माणूस कुठल्या यादीत आहे हे फक्त तिला माहीत. मॅडमनाही नाही, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनाही.

रोज सकाळी ती आधी ह्या सगळ्यांच्या ईमेलच्या पेट्या उघडून बघायची. मी रोज विचारायचो, "काय म्हणतायत तुमची माणसं?" ती म्हणायची, "गप्प आहेत. गप्प असलेली बरी."

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. चाळीस दिवस दवाखान्यात होता आणि चाळीस दिवस ती त्याच्या उशाशी एका स्टुलावर बसून होती. एक्केचाळिसाव्या दिवशी तो गेला. पंधरवड्याने ती कामावर आली, पेट्या उघडल्या, बघितल्या, बंद केल्या. रडली नाही. मला वाटलं, घरी रडत असेल. पुढे पुढे वाटायला लागलं की घरीही रडत नसेल. मी तिला काही विचारलं नाही. मला तसलं विचारता येत नाही.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाची नोकरी गेली. त्याने घरातच दोन खोल्यांपैकी एकीत तीन कॉम्प्युटर मांडले आणि बायको आणि दोन माणसं घेऊन कामं करायला लागला. मॅडमनी आपणहून पत्रव्यवहाराचं काम त्याला दिलं. लोक म्हणाले, बहिणीचा वशिला. चाळणीने शब्द टाकला नव्हता, हे मला माहीत आहे, पण लोकांचं तोंड कोण धरणार? आमचं काम म्हणजे त्याच्या धंद्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा होता. त्यावर त्याचं घर चालायचं, आणि त्याच घरात ह्या दोघांची आई राहायची.

एका मंगळवारी सकाळी चाळणी मला म्हणाली, "जरा इकडे या."

आठ वर्षांत तिने मला स्वतःच्या टेबलाशी कधी बोलावलं नव्हतं. मी उठून गेलो. मास्तरांच्या पेटीत पत्र होतं. आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका कंपनीचं. 'आदरणीय सर, बागकामावरचं आपलं लिखाण आम्ही आवडीने वाचतो. आमच्याकडे आलात तर आत्ता मिळतो त्याहून जास्त वाटा देऊ.' मला हसू फुटलं. मास्तरांचं सगळं लिखाण म्हणजे कात्रीवर तीन परिच्छेद, तेही ह्या बाईने जेवणाच्या सुट्टीत खरडलेले.

ती हसली नाही.

"मास्तर कुणाच्या यादीतले?" मी विचारलं.

"धाकट्याच्या."

मी मागे वळून बघितलं. कुणी ऐकलं नव्हतं. मग मी हळूच म्हणालो, "उडवून टाका. तुमच्याशिवाय कुणाला कळतंय?" मी असाच माणूस आहे, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. कुणाच्या पोटावर पाय येत असेल तर मी डोळे मिटतो.

"मास्तरांना आलंय म्हणजे यादीतल्या तीनशे जणांना आलंय," ती म्हणाली. "मास्तरांचं उडवीन. बाकीच्यांचं?"

बाहेरच्यांकडे चौकशीला दोघांनी जायचं असा आमचा नियम आहे. तिने मला बरोबर घेतलं. दुपारी गेलो. बूट दुरुस्तीच्या दुकानावर पहिला मजला, अरुंद जिना, दारात चपला. बाहेरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, आतल्या खोलीत आई पलंगावर. दोन महिन्यांपूर्वी पडली होती, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं होतं. अजून तिला एकटीला उठता येत नव्हतं.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

"ताई आल्यात," भावजय म्हणाली.

"आज कशी काय?"

चाळणी आत गेली नाही. तिने पिशवीतून पत्राची छापील प्रत काढून भावापुढे ठेवली. त्याने वाचली. चेहऱ्यावरून कळलं, त्याला सगळं समजलं होतं. तो खोटंही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"आईच्या वेळी," तो म्हणाला. "अकरा दिवस तिथेच होतो ना मी. हिला मुलांचं बघायचं होतं. दोन माणसांत काम उरकेना, आणि तुमची तारीख होती. एक ओळखीचा इतर कंपन्यांचीही अशीच कामं करतो, त्याला यादी दिली. म्हटलं, आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"करार करताना काय लिहून दिलं होतंस?"

"काम पुढे कुणाला द्यायचं नाही."

"आणि तू यादी दिलीस."

"दिली."

भावजयीने पाणी आणलं. कुणी प्यायलं नाही. मी प्यायलो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

"पण तुला कळलं कसं?" भावाने विचारलं. "ह्या मास्तरांनी तक्रार केली का?"

"मास्तर कुणी नाहीतच," ती म्हणाली. "ते मीच आहे. प्रत्येकाच्या यादीत असा एक घालते."

"माझ्यापण?"

"सगळ्यांच्या म्हटलं ना."

मग त्याने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि वाचून दाखवलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याने मास्तरांना लिहिलं होतं, की तुमच्या लिंकबद्दलचं पत्र राहिलंय, माफ करा, आई दवाखान्यात आहे. मास्तरांचं उत्तर त्याच दिवशी आलं होतं. 'कामाचं राहू द्या. आईंची काळजी घ्या.'

"मी हे हिला वाचून दाखवलं होतं," तो बायकोकडे बोट करत म्हणाला. "म्हटलं, बघ, परका माणूस पण किती चांगला असतो. तूच होतीस, ताई?"

"मीच."

"तुला यायला जमलं नाही, आणि मास्तर होऊन लिहायला जमलं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा? आतून आईने पुन्हा विचारलं की कोण आलंय. भावजय आत गेली. आम्ही जिना उतरलो. रस्त्यात मी म्हटलं, अजून वेळ आहे, मॅडमना सांगायलाच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "बस आली," आणि चढली. मला खूप वाईट वाटायला हवं होतं. नुसतं जड वाटत होतं, जेवण जास्त झाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं लिहून दिलं, भाऊ हा शब्दही न गाळता. मॅडम भल्या आहेत, त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, पण काम काढूनच घेतलं. दुसरं करणारच काय? त्या तीनशे भागीदारांना आम्ही स्वतः कळवलं, लिंकांच्या खुणा बदलल्या, पासवर्ड बदलले. तरी चाळीसेक जण गेलेच. भावाची दोन माणसं त्याच आठवड्यात कामावरून सुटली. कॉम्प्युटर विकायला काढलेत असं भावजयीकडून कळलं, तेही मला. चाळणीशी ते दोघं बोलत नव्हते.

ती रोज वेळेवर येत होती. पेट्या उघडत होती, बंद करत होती. मास्तरांची पेटी तिने कायमची काढून टाकली. मी आता "काय म्हणतायत तुमची माणसं" असं विचारत नव्हतो.

काम बंद झालं की बाहेरच्या माणसाकडून एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. डेटा कुणाकुणाला दिला, कधी दिला, का दिला, आणि आता आपल्याकडे एकही प्रत नाही अशी सही. भावाचा फॉर्म महिनाअखेरीला आला. तिने तो तपासला, खाली सही केली आणि फाइलला लावायला माझ्या टेबलावर आणून ठेवला.

मी सहसा वाचत नाही. हा वाचला. अक्षर एकसारखं, शाळेतल्या मुलासारखं. 'का दिला' ह्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'आई दवाखान्यात होती. आळीपाळीने बसणार होतो. ताईला ऑफिसातून रजा मिळाली नाही.'

ऑफिसातून म्हणजे माझ्याकडून. रजेचा प्रत्येक अर्ज माझ्या हाताखालून जातो. तरीही मी रजिस्टर काढलं आणि त्या महिन्याचं पान बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. ती उभीच होती.

"तुम्ही अर्ज केलाच नव्हता," मी म्हणालो.

"नाही."

"अहो, आई होती. मी एका शब्दावर दिली असती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मग जावं लागलं असतं."